केळझरहून दोन हजार मीटर खाली

केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायकाचं दर्शन झालं, की बहुतेक मंडळी उतरून थेट नागपूर–वर्धा रस्त्याला लागतात. तुम्ही लागू नका. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हे एक ठाणं. गावातली म्हातारी माणसं सांगतात की हीच एकचक्रानगरी, भीमानं बकासुराला मारलं ते इथंच. म्हणजे मागं जायची वाट इथं आधीच पडलेली आहे. पण आपल्याला पांडवांच्याही फार पलीकडं जायचंय, आणि शेवटी गाठायचाय एक मासा. समुद्राच्या तळाशी तीन काड्यांवर उभा राहणारा, दृष्टी जवळजवळ गमावलेला, आणि नर-मादी दोन्ही एकाच अंगात बाळगणारा. केळझरहून कुठल्याही दिशेनं निघालात तरी साडेपाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. तरीही निघायचं इथूनच, कारण टेकडीच्या उतारावर उघडा पडलेला तो काळा दगड.

त्यावर तळवा टेकवा. हा बेसाल्ट. इकडच्या खदानीत गिट्टीसाठी हाच फुटतो, आणि हाच झिजून झिजून कापसाची काळी जमीन झाली आहे. हात काढू नका, वर्षं मागं सरकू द्या. समृद्धी महामार्ग पुसला गेला. बोर नदीवरचं धरण गेलं, पाणी मोकळं झालं. किल्ला गेला, देऊळ गेलं, मग माणूसच गेला. हिमयुगं उलटी आली आणि उलटी गेली. तिकडं दूर उत्तरेत हिमालय खचत खचत समुद्रात उतरला. तुमच्या हाताखालचा दगड आता कोमट लागतो, मग गरम, मग हात ठेववत नाही. थांबा. सहा कोटी साठ लाख वर्षं झाली.

आधी वास येतो, गंधकाचा. डोळे चुरचुरतात. रात्र आहे, पण पश्चिमेकडं क्षितिजभर तांबूस उजेड आहे, आणि तो उगवतीचा नाही. तिकडं जमिनीला भेगा पडल्यात आणि त्यांतून लाव्हा निघतोय. इथं शंकूसारखा डोंगर नाही, स्फोटाचा गडगडाटही नाही. नुसता पूर आहे, पातळ दगडाचा पूर, शेकडो किलोमीटर पसरत येणारा. वर बघितलंत तर ओळखीचं उत्तरेचं आकाश दिसणार नाही. केळझर आत्ता दक्षिण गोलार्धात आहे. सगळा भारत एका बेटासारखा समुद्रात वाहतोय, वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्या आसपास वेगानं उत्तरेकडं. भूगर्भशास्त्रात याला घाई म्हणतात.

उजाडलं, की दिसतं ते मात्र भयंकर नाही. लाव्हाचा एक थर येऊन गेल्यावर पुढचा यायला कधी कधी हजारो वर्षं लागतात. मधल्या काळात दगड निवतो, त्याच्या खळग्यांत पाऊस साठतो, तळी होतात, काठाला पाम उगवतात. आपल्याच वर्धा जिल्ह्यात नवरगावला त्या पामांची दगड झालेली खोडं सापडली आहेत. तळ्याच्या काठी चिखलात गोगलगायींचे शंख पडलेत. इथून दक्षिणेला, आज जो चंद्रपूर जिल्हा आहे तिथल्या डोंगरगावच्या बाजूला, लांब मानेचा एक अवाढव्य प्राणी पाणी पितोय. त्याची हाडं पुढं डोंगरगावच्याच टेकडीत सापडतील आणि १९९७मध्ये शास्त्रज्ञ त्याचं वर्णन प्रसिद्ध करतील. आज तो इसिसॉरस म्हणून ओळखला जातो.

तुम्ही मात्र पाण्यात बघा. तळ्यात मासे आहेत. एक लांब तोंडाचा, सुळ्यासारख्या दातांचा, अंगावर चकचकीत टणक खवल्यांचं चिलखत घातलेला. त्याचे भाऊबंद आज अमेरिकेच्या नद्यांत ‘गार’ या नावानं जगतात, भारतातून मात्र ते संपले. त्या खवल्यांना हात लावायचा मोह होईल, आवरा. हा मासा नजरेनं शिकार करतो, आणि तुमची बोटं त्याला दिसतायत. पुढं ज्या माशाला आपण भेटणार आहोत त्याच्या जगात नजर जवळजवळ निकामी आहे, म्हणून हा डोळस मासा नीट पाहून घ्या.

आता पश्चिमेला निघू. आज जिथं मुंबई आहे तिथं पोचलात, तरी समोर आजचा अरबी समुद्र नाही. त्या बाजूला सेशेल्सची जमीन भारताला चिकटून आहे. तीस-चाळीस लाख वर्षं पुढं सरका. सेशेल्स तुटतं, मागं राहतं, भारत पुढं निघतो आणि दोघांच्या मधल्या भेगेतून नवा लाव्हा वर येतो, पाण्याखाली निवतो, दोन्हीकडं सरकतो. अरबी समुद्राचा बराचसा तळ असा तयार झाला, आणि मधल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर तो अजूनही तयार होतोय. दख्खनचा लाव्हा ज्या तप्त ठिकाणावरून वर आला, तेच ठिकाण भारत पुढं सरकत गेला तसं त्याच्या मागं बेटांची रांग सोडत गेलं. लक्षद्वीप आणि मालदीव ज्या बुडालेल्या कण्यावर बसलेत तो कणा, मग मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन. रियुनियनवरचा ज्वालामुखी आजही अधूनमधून ओकतो.

म्हणून केळझरहून निघालो. टेकडीवरचा काळा दगड अरबी समुद्राच्या बहुतेक तळापेक्षा जुना आहे. टीव्हीवरच्या माहितीपटांत खोल समुद्र दाखवायची वेळ आली, की निवेदकाचा आवाज खर्जात जातो आणि ‘आदिम’, ‘सृष्टीच्या आरंभापासून’ असले शब्द सुरू होतात. मला ते आळशीपणाचं वाटतं. समुद्राचा तळ हा पृथ्वीवरचा नवा फ्लॅट आहे, आणि आपला मासा तिथला भाडेकरू. तो तिथं टिकला तो जुना राहून नव्हे; परिस्थिती फार कंजूष आहे आणि तो तिच्याहून कंजूष निघाला, म्हणून.

वाटेत एक थांबा घेऊ, फार वेळ नाही. ४ सप्टेंबर १८६३. केळझरपासून नागपूरच्या दिशेनं थोडं गेलं की बोरी, आजचं बुटीबोरी. शेजारच्या टाकळघाटला दगडी वर्तुळांची प्राचीन थडगी बघून एक मिशनरी घोड्यावरून संध्याकाळी परततोय. पाऊस झालाय, ओढा फुगलाय. तुम्हाला ओरडून थांबवावंसं वाटेल, पण प्रवाशाला तेवढी मुभा नाही. स्टीफन हिस्लॉप त्या पाण्यात बुडाला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावानं. बायबल शिकवता शिकवता त्यानं या भागातल्या दगडांतून इतकी जीवाश्मं गोळा केली, की पुढं १९०८मध्ये लंडनच्या स्मिथ वुडवर्डनं डोंगरगावच्या एका माशाला त्याचंच नाव दिलं, इओसेरॅनस हिस्लॉपी. मगाशी तळ्यात तो तुमच्या समोरून गेला असेल. वऱ्हाड-नागपुराकडचे मासे असे जगाच्या कागदावर आले. आपल्या समुद्राच्या तळाचे यायला हिस्लॉपच्या मृत्यूनंतर आणखी पंचवीस वर्षं लागली.

मुंबई, १८८१. गोदीत चाकांचं एक जहाज पाण्यात उतरतंय. ‘इन्व्हेस्टिगेटर’, वजन ५८० टन, काम भारताच्या किनाऱ्याचे नकाशे बनवणं. कुठं किती वाव पाणी, कुठं खडक, कुठं जहाज लागेल आणि कुठं फुटेल, एवढंच सरकारला हवं होतं. त्यावर एक डॉक्टर असे, आणि त्या डॉक्टरलाच निसर्ग-अभ्यासकाचा हुद्दा दिलेला. १८८८मध्ये त्या जागेवर आला आल्फ्रेड अल्कॉक. जन्म १८५९चा, मुंबईचाच, एका जहाजाच्या कप्तानाचा मुलगा. पुढची चार वर्षं तो या जहाजावर होता, आणि आपल्या समुद्राच्या तळातल्या माशांची खरी ओळख जगाला त्यानं करून दिली.

चला डेकवर. १८९०च्या आसपासची एक हिवाळी सकाळ समजा. पावसाळ्यात हे काम नाही. पाणी तेलासारखं गुळगुळीत. नकाशाचं काम आज लवकर आटोपलंय, म्हणून डॉक्टरच्या जाळ्याला परवानगी मिळालीय. मासे हा या जहाजाचा जोडधंदा आहे, हे विसरू नका. जाळं म्हणजे लोखंडी चौकटीला बांधलेली लांब पिशवी. तारेचा दोर सुटतोय, सुटतोय, सुटतच राहतो. हजार वाव खोली असेल तर दोर त्याहून कितीतरी जास्त सोडावा लागतो, म्हणजे जाळं तळावर आडवं पडून घासत जातं. दोर सोडण्यात सकाळ जाते. ओढण्यात दुपार.

‘हबेस!’ सारंग ओरडतो. आजही क्रेनखालचे आपले खलाशी ओझं उचलायला हाच शब्द वापरतात. वाफेचं विंच धडधडायला लागतं. सरकारी जहाजांवरच्या खलाशांत रत्नागिरीकडच्या माणसांचा भरणा फार, त्यामुळं कानावर कोकणी वळणाचं बोलणं पडतं. हे दर्यावर वाढलेले लोक. सुरमई, घोळ, रावस त्यांना अंधारात नुसत्या वासानं ओळखू येईल. पण या जाळ्यातून निघतं त्याला त्यांच्याकडंही नाव नाही.

पिशवी डेकवर रिकामी होते. आधी राखाडी चिखल, आणि त्यावर हात ठेवलात तर तुम्ही दचकाल. वर ऊन रणरणतंय आणि चिखल बर्फासारखा गार आहे. दोन हजार मीटर खालचा थंडावा तो अजून सोडायला तयार नाही. त्या चिखलात लाल कोळंबी, काटेरी समुद्री काकड्या, काचेच्या धाग्यांचे स्पंज आणि चार-पाच मासे. अल्कॉक गुडघ्यांवर बसतो. त्यातला एक तो बाजूला काढून पाण्याच्या पसरट भांड्यात सोडतो. वीतभर लांब, काळपट. डोकं चपटं, तोंड मोठं, डोळे टाचणीच्या टोकाएवढे. पोटाखालच्या दोन परांतून दोन लांब ताठ काड्या निघाल्यात, शेपटीच्या खालच्या टोकातून तिसरी. खांद्याजवळच्या परांचे केसासारखे धागे अंगाला चिकटून विस्कटलेत. मासा मेलाय. त्याच्या अंगात हवेची पिशवी नसते, त्यामुळं वर येताना तो फुगून फुटला नाही. उकाड्यानं आणि जाळ्याच्या घासण्यानं गेला.

अल्कॉकनं भारतीय समुद्रांतल्या या गटाला तीन नवी नावं दिली: बॅथिप्टेरॉइस गुंथेरी १८८९मध्ये, इन्सुलॅरम १८९२मध्ये, अ‍ॅट्रिकलर १८९६मध्ये. पहिलं नाव ब्रिटिश म्युझियमच्या आल्बर्ट ग्युंथरच्या मानाचं. ग्युंथरनंच १८७८मध्ये ‘चॅलेंजर’ जहाजानं आणलेल्या माशांवरून हा वंश जगापुढं ठेवला होता. १८९९मध्ये अल्कॉकनं भारतीय खोल समुद्रातल्या माशांची अख्खी सूची कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमतर्फे छापली. पण भांड्यातल्या त्या काड्या कशासाठी, हे ना ग्युंथरला ठामपणे सांगता येत होतं ना अल्कॉकला. मेलेला मासा उभा राहत नाही. लांब धागे बघून चाचपण्यासाठी असतील एवढं म्हणता येत होतं, आणि तेवढंच म्हटलं गेलं.

तुम्हाला मात्र खाली जाता येतं. जाऊ या.

दोनशे मीटरवर निळं गडद होतं. त्याच्या आधीच तुम्ही एका गुदमरलेल्या थरात शिरलेले असता: अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू अतिशय कमी आहे, जगातल्या अशा मोठ्या पट्ट्यांपैकी हा एक. वरच्या पाण्यात जे भरमसाट पिकतं आणि मरतं ते खाली येता येता कुजतं, आणि कुजताना प्राणवायू खाऊन टाकतं. हजार मीटरला सूर्याचा शेवटचा अंशही संपतो. यापुढचा उजेड फक्त जिवंत: एखादी ठिणगी, एखादी निळी रेघ, ज्या जिवानं ती पेटवली तो निघून गेलेला. दोन हजार मीटरवर तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटल वजन बसलंय. केळझरजवळच्या सेलूच्या बाजारात कापसाची गाडी रिकामी करणाऱ्या माणसाला विचारा, दोन क्विंटल म्हणजे काय. तापमान अडीच-तीन अंश. प्राणवायू इथं पुन्हा बरा आहे, कारण हे पाणी दक्षिणेकडून, थंड समुद्रांतून सरपटत आलेलं.

तळ मऊ आहे. सूक्ष्म जिवांच्या चुनखडी कवचांचा गाळ, शतकानुशतकं साचलेला. त्यात पाय टाकलात तर धुरळा उठेल आणि तासन्‌तास बसणार नाही, म्हणून जरा वर तरंगत राहा. दिवा लावा, पण मंद.

तो बघा.

गाळापासून वीतभर उंचावर एक मासा हवेत थांबल्यासारखा दिसतो. मग काड्या दिसतात. पोटाखालच्या दोन, शेपटीची एक. तिन्ही टोकं गाळात जेमतेम टेकलेली. तिपाई मासा म्हणायला हरकत नाही. तोंड प्रवाह येतो त्या दिशेला. खांद्याचे ते केसासारखे धागे, जे अल्कॉकच्या भांड्यात विस्कटून पडले होते, ते आता डोक्याच्या वर आणि पुढं पंख्यासारखे ताणलेले आहेत. प्रवाह त्यांच्यातून वाहतो. तुम्ही पाच मिनिटं बघता, दहा मिनिटं बघता, काहीच होत नाही. मासा हलत नाही.

मग एक धागा कणभर थरथरतो. प्रवाहातून एक इवला कवचधारी जीव आलाय, तांदळाच्या कणीएवढा. धाग्याला तो लागला, मज्जातंतूंनी बातमी पोचवली, तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा सगळं स्थिर. हे झालं जेवण. पाठलाग नाही, झडप नाही. पाण्याच्या तळालगत घर्षणामुळं प्रवाह मंद असतो. काही वीत वर उचललं की वाहणारं अन्न जरा जास्त मिळतं, आणि पोहून उंची राखण्याचा खर्च वाचतो. त्यासाठी या काड्या. याच वंशातला ग्रॅलेटर नावाचा भाऊ सगळ्यांत उंच: अंग एक हातापेक्षाही कमी, आणि काड्या जवळजवळ मीटरभर. पोहायला निघाला, की याच काड्या लवचीक होऊन मागं लोंबतात. उभं राहताना त्या ताठ कशा होतात यावर शास्त्रज्ञांची अटकळ अशी, की आत द्रव भरून त्या कडक केल्या जात असाव्यात.

ही इप्नॉपिडी घराण्याची तऱ्हा. पाच वंश, जाती तीसच्या आसपास. आणि हे घराणं आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. ज्या गणात हे बसतं, त्याच गणात बोंबील बसतो. आठवडी बाजारात सुकटवाल्याकडं पिवळट दोरीसारखा लटकलेला सुका बोंबील तुम्ही घेता, तो या माशाचा लांबचा नातलग. फरक एवढा, की बोंबलात नर वेगळा आणि मादी वेगळी. इथं तसं नाही. तिपाई माशाच्या एकाच अंगात अंडीही तयार होतात आणि शुक्राणूही. अमेरिकी अभ्यासक मीड यानं १९६०मध्ये या गणातल्या खोल पाण्याच्या माशांवर याबद्दल सविस्तर लिहिलं. कारण साधं आहे. एवढ्या पसरलेल्या अंधारात आपल्या जातीचं दुसरं कुणी भेटणं दुर्मीळ. जे भेटेल त्याच्याशी जमलंच पाहिजे. नर भेटला, मादी भेटली, असं निवडत बसायची चैन परवडत नाही. कुणीच भेटलं नाही तर स्वतःचं फलन स्वतःच करण्याची सोयही असावी, असं मानलं जातं. पिल्लं मात्र इथं राहत नाहीत. ती वरच्या, उजेडाच्या पाण्यात वाढतात, तिथं त्यांना चांगले डोळे असतात, आणि मोठी झाली की खाली येऊन अंधार पत्करतात.

आता आणखी खाली जायची ताकद असेल तर घराण्यातली दुसरी शाखा बघा, इप्नॉप्स. हा उभा राहत नाही, गाळावर पोट टेकून असतो. त्याच्या डोक्यावर दोन पिवळसर चपट्या पट्ट्या दिव्यात चमकतात. ‘चॅलेंजर’नं हा मासा वर आणला तेव्हा ते प्रकाश देणारे अवयव समजले गेले. पुढं डेन्मार्कच्या ‘गॅलेथिया’ मोहिमेच्या अहवालात ओले मुंकनं १९५९मध्ये दाखवून दिलं, की हे डोळेच आहेत. भिंग गेलंय, बाहुली गेलीय, उरलाय नुसता डोळ्याचा पडदा, डोक्यावर पसरलेला, आणि त्यावर कवटीचं पारदर्शक हाड. चित्र त्याला दिसत नाही. वर कुठं उजेड झाला, एवढं कळतं. घराण्यातल्या काहींनी डोळे जवळजवळ सोडून दिले, यानं ते पसरून ठेवले. एकाच अडचणीवर एकाच कुटुंबात दोन तोडगे, हे मला त्या तीन काड्यांपेक्षाही जास्त विलक्षण वाटतं.

इथून निघण्याआधी एकदा वर बघा. दिव्याच्या झोतात वरून सतत काहीतरी झरतंय, कोंड्यासारखं. वरच्या पाण्यातल्या वनस्पतींचे, किड्यांचे, विष्ठेचे कण. इथल्या सगळ्या जिवांची शिदोरी हीच. १९८६पासून गोव्यात दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं हॅम्बर्ग विद्यापीठाच्या मदतीनं अरबी समुद्रात खोलवर मोठमोठे नरसाळ्याचे सापळे लावले आणि हे झरणं मोजलं. ते बारमाही एकसारखं नसतं. नैऋत्य मोसमी वारा सुरू झाला, की समुद्र ढवळतो, खालची खतं वर येतात, वर पीक येतं, आणि काही आठवड्यांत तळावर पाऊस पडतो, अन्नाचा. मृगाच्या सरींची वाट बघत सेलू तालुक्यातला शेतकरी कापसाचं बी घेऊन बसलेला असतो तेव्हा त्याच वाऱ्याचं देणं इथं दोन हजार मीटर खालीही पोचायचं असतं. हा मासा पावसाळा ओळखतो की नाही, हे आपण त्याला विचारू शकत नाही. त्याच्या पोटाला मात्र तो कळत असणार.

मासा जिवंत उभा असलेला माणसानं पाहिला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. तिथवर क्षणभर जाऊन या. १५ फेब्रुवारी १९५४ला डाकारजवळ फ्रेंच नौदलाचे ऊओ आणि विल्म पोलादी गोळ्यात बसून ४,०५० मीटर खाली गेले. त्या काळातल्या अशाच बुड्यांत, आणि नंतर अमेरिकेच्या ‘आल्व्हिन’सारख्या पाणबुड्यांच्या खिडक्यांतून, माणसांनी तिपाई मासे गाळावर टेकलेले बघितले. संग्रहालयातल्या बरणीत पाऊण शतक ज्याचा अर्थ लागत नव्हता, तो खिडकीतून एका नजरेत लागला. अल्कॉक तोवर गेला होता, १९३३मध्ये.

आता आजच्या तारखेला या, पण अजून पाण्यातच राहा. २६ जानेवारी १९८१ला आपल्या ‘गवेषणी’ जहाजानं हिंदी महासागराच्या तळावरून धातूंचे काळे गोळे पहिल्यांदा उचलले. मँगेनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले, बटाट्याएवढे, लाखो वर्षांत मिलीमीटर-मिलीमीटरनं वाढलेले. २००२पासून मध्य हिंदी महासागरात अशा गोळ्यांच्या शोधासाठी ७५,००० चौरस किलोमीटर तळ भारताच्या वाट्याला आहे. २०२५च्या सप्टेंबरात कार्ल्सबर्ग रांगेवर, म्हणजे आपण मगाशी जिथं नवा तळ जन्मताना पाहिला तिथंच, गंधकयुक्त धातुसाठे शोधण्याचा आणखी एक करार झाला, १०,००० चौरस किलोमीटरचा. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य ६०००’ बांधतेय, तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी. ती उतरेल तेव्हा भारतीय डोळ्यांना भारतीय पाणबुडीतून हा तळ दिसेल. याचा आनंद आहे, आणि तो लपवायचं कारण नाही.

पण दिव्यासमोरचा मासा अजून तुमच्यासमोर आहे. त्याचं सगळं घर म्हणजे स्वच्छ वाहतं पाणी आणि हलका गाळ. तळ खरवडणारं यंत्र गोळे उचलतं तेव्हा गाळाचा लोट उठतो, आणि प्रवाह तो दूरवर नेतो. धाग्यांच्या स्पर्शावर जगणाऱ्या जिवाला कणीएवढ्या शिकारीतून आणि गाळाच्या कणांतून निवड कशी करता येईल, हे कोणत्याही प्रयोगशाळेत तपासलेलं नाही, कारण हा मासा प्रयोगशाळेत जगतच नाही. प्रशांत महासागरातल्या गोळ्यांच्या पट्ट्यात इप्नॉप्स कॅमेऱ्यांनी टिपलाय. म्हणजे धातू आणि हे घराणं एकाच अंगणात राहतात, हे नक्की.

गोळे नकोत, असं मी म्हणत नाही. बॅटऱ्या सगळ्यांना हव्यात, केळझरच्या दुकानदारालाही. पण अशा करारात खाणकाम सुरू होण्याआधी तळावरच्या जिवांची पायाभूत पाहणी करण्याची अट असते. अल्कॉक नकाशाच्या कामातून उरलेल्या वेळात मासे गोळा करायचा. आताची पाहणी उरलेल्या वेळात होऊ नये. आपल्या वाट्याचा तो ७५,००० चौरस किलोमीटर तळ वर्धा जिल्ह्याच्या जवळजवळ बारा पट आहे, आणि तिथल्या शोधाचा हक्क सरकारनं आपल्याच नावावर घेतलाय. तिथं कोण कोण उभं आहे याची यादी मराठीत वाचायला मिळाली पाहिजे, आणि ती मागायला केळझरहूनही एखादं पत्र जायला हवं.